साडेसातीला ‘सेव्ह’ नसतं

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या खेळाच्या तिसऱ्या भागात सोळा वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात आठ नायक. म्हणजे एकूण १२८. सरदार आहेत, किमयागार आहेत, मांत्रिक आहेत, चेटकिणी आहेत, रानटी योद्धे आहेत, मढी उठवणारेही आहेत. आमचा भाचा यातला एकच घेतो : क्रॅग हॅक. कॉलेजात होता तेव्हा क्रॅग हॅक, आता नोकरीला लागून घरून काम करतो तरी क्रॅग हॅक. बाकीचे १२७ जण त्या खेळातल्या गुत्त्यात इतकी वर्षं बोलावण्याची वाट बघत बसलेत.

बरं, निवड झटक्यात होते असंही नाही. नायक निवडायचा पडदा समोर आला की त्याचा उपवर मुलाचा बाप होतो. एकेकीची, एकेकाची पत्रिका काढतो. सोल्मिर हा जिन. हजार वर्षं बाटलीत कोंडलेला होता, साखळी वीज पाडण्यात पटाईत. पण हल्ला शून्य, बचाव शून्य. नुसत्या बुद्धीवर किती दिवस काढणार? कॅटलिन रोज ३५० सोन्याच्या मोहरा घरात आणते. मुलगी कमावती आहे, पण लढाईला उभी करण्यासारखी नाही. मग ‘ईगल आय’वाले. यांची खासियत अशी, की शत्रूनं टाकलेला मंत्र बघायचा आणि जमला तर शिकायचा. तोही जमेलच असं नाही. कॉपी करूनही नापास होणारी ही जमात. तासभर अशी छाननी होते, चहा गार होतो आणि शेवटी भाचा सुस्कारा टाकून क्रॅग हॅकवर बोट ठेवतो. क्रॅग हॅकला एकच गोष्ट येते. मारणं.

“मग एवढा वेळ काय बघत होतास?” मी विचारलं.

“मामा, पर्याय बघायला नकोत का?”

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा पाळीपाळीनं खेळायचा खेळ. घाई अजिबात नाही. आपला नायक घोड्यावर बसून नकाशावर दिवसभरात जेवढा चालेल तेवढा चालतो. वाटेत खाणी ताब्यात घ्यायच्या, पेटारे उघडायचे, कुणी आडवं आलं तर लढायचं. चाल संपली की ‘एंड टर्न’ दाबायचं, मग समोरच्याची पाळी. सात दिवस झाले की आठवडा पालटतो आणि गावागावात नवे सैनिक तयार होतात. जॉन व्हॅन कॅनेघम यांच्या न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग या कंपनीनं १९९९ साली हा भाग काढला. कंपनी बंद पडली, खेळाचे हक्क २००३ साली युबिसॉफ्टकडे गेले, पुढचे भाग आले, पण माणसं अजून तिसऱ्यालाच चिकटून आहेत. चाहत्यांनी त्याला स्वतःच्या खर्चानं नवी गावं आणि नवे नायक जोडले. म्हणजे १२८ पुरत नाहीत अशी तक्रार होती. आमच्या भाच्यानं ते सगळं उतरवून घेतलं आणि त्यातही क्रॅग हॅकच निवडला.

हा भाचा राहतो शनिशिंगणापुरात. नेवासा तालुक्यातलं हे गाव घरांना दारं नसण्याबद्दल जगात प्रसिद्ध आहे. खुद्द शनिदेव साडेपाच फुटांच्या काळ्या शिळेच्या रूपात उघड्या चौथऱ्यावर उभे आहेत. त्यांनाच छप्पर नाही, तर भक्तांनी दार कशाला लावायचं, असा इथला हिशेब. माझ्या ताईच्या घराला दाराची जागा आहे, दार नाही. पडदा आहे आणि रात्री कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावायची एक फळी आहे. २०११ साली युको बँकेनं इथं शाखा काढली ती बिनकुलपाची म्हणून गाजली. २०१५ साली पोलीस ठाणं आलं, तेव्हा पोलिसांना काम काय, हाच गावातला पहिला प्रश्न होता.

अशा घरात, पडद्याकडे पाठ करून भाचा बसतो आणि खेळ सुरू झाल्या झाल्या गावाला कोट बांधायच्या मागे लागतो. कोटाला ५००० मोहरा, वीस लाकडं आणि वीस खनिजं लागतात. मग खंदक, मग बुरूज. घाटातून शत्रू यायच्या आत वेशीचा दरवाजा भक्कम व्हायला पाहिजे म्हणून तो जेवायला उठत नाही. ताई स्वयंपाकघरातून ओरडते, “अरे, वीस लाकडं आहेत ना तुझ्याकडं? त्यातलं एक दे, आपली फळी मोडलीय.”

ताईचा या खेळाला विरोध मात्र नाही, आणि त्याचं श्रेय ज्योतिषांना. या खेळात आठवडा पालटला की एक पाटी येते : ज्योतिषांनी जाहीर केलं आहे की हा आठवडा अमुक प्राण्याचा. कधी खारीचा, कधी सशाचा, त्यानं फारसं काही बिघडत नाही. पण कधी तरी महिन्याच्या पहिल्या दिवशी ज्योतिषी साथीचा महिना जाहीर करतात आणि गावागावात भरतीला मिळणारे सैनिक वाढायच्या जागी निम्मे होतात. ही पाटी ताईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला गहिवरून आलं. अमेरिकेतल्या इंजिनियरांनी खेळ लिहायला घेतला, ड्रॅगन घातले, देवदूत घातले, आणि आठवड्याचं भविष्य सांगायला तरीही ज्योतिषीच ठेवला. “बघ,” ती मला म्हणाली, “तुमच्या पेपरातला नुसतं ‘प्रवास संभवतो’ म्हणतो. हा सरळ आकडा सांगतो.”

दाजींना वेगळीच गोष्ट आवडते. त्यांचं देवस्थानच्या रस्त्याला तेल, रुईच्या माळा, काळे उडीद, घोड्याची नाल अशा पूजासाहित्याचं दुकान आहे आणि जिल्ह्याचं राजकारण त्यांना तोंडपाठ आहे. भाच्यानं त्यांना एकदा ‘डिप्लोमसी’ हे कौशल्य समजावून सांगितलं. ज्या नायकाकडे हे असतं, त्याच्याशी वाटेतली सैन्यं बऱ्याचदा लढत नाहीत. पूर्ण टोळीच्या टोळी येऊन सामील होते. काही फुकट येतात, काही पैसे मागतात. हे कौशल्य इतकं जबर, की स्पर्धांमधून त्याच्यावर बऱ्याचदा बंदी घालतात. दाजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. साखर कारखान्याच्या निवडणुका त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असाव्यात. मग म्हणाले, “बंदी घालतात? आपल्याकडं मंत्री करतात.”

आता मूळ मुद्दा. या खेळांची जाहिरात एकाच गुणावर होते : मोहीम पुन्हा पुन्हा खेळता येते. नायक बदला, सुरुवातीला मिळणारी भेट बदला (बहुधा तीनातली एक घ्यायची असते : सोनं, शस्त्र, मंत्र असं काहीतरी), वाट बदला, की तीच मोहीम नवी होते. सिद्धान्त सुंदर आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते मी त्या पडद्याआड बसून पाहिलेलं आहे. भाचा मोहीम संपवतो, दोन दिवस सुनासुना फिरतो, मग जाहीर करतो की या वेळी सगळं वेगळं करणार. आणि पुन्हा पहिल्या दिवशी लाकडाची वखार, दुसऱ्या दिवशी सोन्याची खाण, तिसऱ्या दिवशी तोच पूल, पुलावर तोच राक्षस. भेट निवडताना तिन्ही वाचतो आणि सोनं घेतो. नवा रस्ता त्याला माहीत असतो. तिकडं काय आहे हे माहीत नसतं, एवढ्याच कारणावरून तो तिकडं जात नाही.

आणि हरायचं तर नावच नाही. कारण ‘सेव्ह’. लढाईच्या आधी सेव्ह, पेटारा उघडण्याआधी सेव्ह, एंड टर्न दाबण्याआधी सेव्ह. क्रॅग हॅकचा पराभव झालेला जगात कुणी पाहिलेला नाही, कारण तो हरला की भाचा मागच्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी परत जातो. त्या दिवशी तो राक्षसाच्या वाटेलाच जात नाही. राक्षसाला कळतही नाही की आपण एकदा जिंकलो होतो.

क्रॅग हॅकचा कंटाळा आला (भाच्याला नाही, ताईला), तेव्हा मी त्याला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ दाखवला. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला, फुकट मिळणारा, फोनवरही चालणारा खेळ. यातल्या मोहिमांमध्ये नायक बहुधा गोष्टीनंच ठरवून दिलेला असतो. आपल्याला निवड असते ती शिपायांची. जे शिपाई जगले ते पुढच्या लढाईला परत बोलावता येतात, त्यामुळे भाला घेऊन आलेल्या साध्या पोराला चार लढायांत पट्टीचा लढवय्या करता येतं. आणि नायक मेला की डाव तिथंच खलास. शिवाय प्रत्येक वाराआधी लागण्याची शक्यता टक्क्यांत लिहून येते. जादूच्या माऱ्याला बहुतेक वेळा सत्तर टक्के.

सत्तर टक्के हा आकडा मराठी माणसानं वाचला की तो त्याचा अर्थ ‘नक्की’ असा घेतो. फर्स्ट क्लासच्या वरच झाला की! भाच्याच्या जादूगारानं तीन वार केले, तिन्ही हुकले. असं होण्याची शक्यता शंभरात तीनसुद्धा नाही, पण झालं. समोरच्या सांगाड्यानं मात्र तीस टक्क्यांत कुऱ्हाड बरोबर घातली. भाच्यानं टेबलावर मूठ आपटली. दाजींनी पोथीतून डोकं वर काढलं आणि अगदी सहज विचारलं, “रास काय त्या जादूगाराची?”

पोथी म्हणजे शनिमाहात्म्य. तात्याजी महिपतींच्या नावावर असलेली ही ओवीबद्ध पोथी दाजी दर शनिवारी वाचतात, आणि त्यांच्यासारखी हजारो घरं. मोहीम पुन्हा खेळण्याजोगी कशी करावी हे ज्याला शिकायचं आहे त्यानं परदेशात जाऊ नये. उजेडासाठी दुकानाच्या पुढच्या बाकड्यावर बसून दाजी वाचत असतात, तिथं येऊन ऐकावं.

कथेची सुरुवातच नायक निवडीनं होते. उज्जयिनीला विक्रमराजाचा दरबार भरलाय आणि वाद निघालाय : नवग्रहांत श्रेष्ठ कोण? एकेक पंडित उठतो आणि आपापल्या ग्रहाची पत्रिका वाचतो. हा तेजस्वी, तो शीतल, अमका पराक्रमी, तमका गुरू. प्रत्येकाचे गुण, प्रत्येकाचं शस्त्र, कुणाला भजलं की काय मिळतं, सगळं तपशीलवार. शेवटी शनीची पाळी येते. जन्मल्या जन्मल्या याची दृष्टी बापावर पडली, तर सूर्याला कोड फुटलं, सारथी पांगळा झाला, घोडे आंधळे झाले. हे ऐकून विक्रम हसतो. असला पोरगा काय कामाचा! इथं मोहीम सुरू होते. अडचणीची पातळी विक्रमानं निवडलेली नाही. ती त्याच्या हसण्यावरून आपोआप ठरली.

पुढं शनी घोड्याचा सौदागर होऊन येतो. राजा घोडा पारखायला वर बसतो आणि घोडा त्याला उडवून रानात टाकून देतो. राज्य गेलं, सैन्य गेलं, खजिना गेला. तामलिंदा नगरीत एक सावकार आसरा देतो, तर त्याच्या घरात भिंतीवर रंगवलेला हंस खुंटीवरचा मोत्यांचा हार गिळतो. होय, चित्रातला हंस. चोरीचा आळ विक्रमावर. चंद्रसेन राजा त्याचे हातपाय तोडायला लावतो. ज्या देवाच्या गावात दाराला कडी नाही, त्या देवाच्या पोथीतला सगळ्यात मोठा प्रसंग चोरीच्या खोट्या आळाचा आहे, ही गोष्ट दाजींना सांगितली तर ते म्हणाले, “म्हणून तर. हारच घरात टांगून ठेवला नाही तर हंस काय गिळणार?” यावर मला उत्तर सुचलं नाही.

मग एक तेली त्या लुळ्या राजाला घरी नेतो आणि घाण्यावर बसवतो. बैल फिरतोय, राजा वर बसून त्याला हाकतोय. शिर्डीकडून शिंगणापूरला येताना रस्त्याला रसवंत्या लागतात; काहींचा लाकडी घाणा अजून बैलच फिरवतो. प्रवासी झोक्यावर बसून रस पितात, फोटो काढतात, पण घाण्यावर बसायला कुणी मागत नाही. विक्रम बसला. आणि तिथं बसून गायला लागला. त्याचा दीपक राग ऐकून नगरातले दिवे आपसूक पेटले आणि राजकन्या त्या आवाजावर भाळली. हात नाहीत, पाय नाहीत, हल्ला शून्य, बचाव शून्य. अंगात उरलेलं एकमेव कौशल्य कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि मोहीम त्याच्यावर निघाली. साडेसात वर्षं पुरी झाली तेव्हा शनीनं हातपाय परत दिले आणि माग म्हणाला. विक्रमानं राज्य मागितलं नाही. मला छळलंत तसं दुसऱ्या कुणाला छळू नका, एवढंच मागितलं.

या कथेचा शेवट ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तरी पुढच्या शनिवारी बाकडं भरतं. हंस हार गिळतो तिथं ताई अजूनही हळहळते. क्रॅग हॅकच्या विजयावर मात्र खुद्द भाचाही जांभई देतो.

खरी साडेसाती ही तर याहून कसलेल्या माणसानं रचलेली मोहीम आहे. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो. आपल्या आधीची रास, आपली रास आणि पुढची रास मिळून साडेसात वर्षं, तीन अडीचक्या, म्हणजे तीन पातळ्या. सूर्याभोवती त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, तेव्हा साधारण तीस वर्षांनी तीच मोहीम पुन्हा हजर. धडधाकट माणसाला आयुष्यात ती दोनतीनदा खेळावी लागते. नायक निवडायची सोय नाही. पहिल्या वेळी तुमच्याकडे कॉलेजातलं पोरगं असतं, दुसऱ्या वेळी घराचे हप्ते भरणारा बाप्या, तिसऱ्या वेळी गुडघे धरून उठणारा पेन्शनर. नकाशा तोच, पण खेळाडू इतका पालटलेला, की जुनी वाट कुणाला आठवत नाही. आणि सेव्ह नाही. मागच्या मंगळवारी जाऊन ती नोकरी सोडायची नाही, असं करता येत नाही.

सुरुवातीच्या भेटी मात्र मिळतात, आणि त्या दाजींच्या दुकानात मिळतात. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला. मकरवाल्यांची सुटका झाली, मेषवाल्यांची साडेसाती लागली. तो दिवस नेमका शनिवार आणि वर अमावास्या. शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नव्हती. मेषेचे लोक तेल घ्यायला आले होते, मकरेचे सुटल्याचं तेल घ्यायला आले होते, मधले कुंभ आणि मीनवाले चालू मोहिमेचं तेल घ्यायला आले होते. गुत्त्यात नायक भाड्यानं घ्यावा तसे काहीजण विचारत होते, “यातलं चांगलं कोणतं?” दाजी सगळ्यांना एकच बाटली देत होते.

नायक निवडीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९९ सालच्या त्या खेळात मुख्य मोहिमेची सेनापती कॅथरिन राणी आहे. बाईनं घोड्यावर बसून बापाचं राज्य सोडवायचं यात खेळ लिहिणाऱ्यांना काही वावगं वाटलं नाही. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर मात्र तेव्हा पुरुषच चढायचे. बायकांची नावं यादीत होती, पण निवडता येत नव्हती. आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा बायकांना खुला केला. शनीनं कुणाकडे वेगळी दृष्टी टाकल्याचं ऐकिवात नाही. ताई म्हणते त्याला दृष्टी टाकायला वेळ कुठं, रांग बघितलीस का?

तर माझं मत असं. मोहीम पुन्हा खेळण्याजोगी होते ती नायकांची संख्या वाढवून नव्हे. १२८ काय, १२८० दिले तरी माणूस आपला क्रॅग हॅक शोधून काढतो, कारण त्याला खेळायचं नसतं, जिंकायचं असतं. गोष्ट पुन्हा ऐकावीशी वाटते ती नायकाच्या हातातलं सगळं काढून घेतल्यावर. महिपतींना हे उमगलेलं होतं. खेळ तयार करणाऱ्यांनाही उमगलं असावं, नाहीतर त्यांनी ‘ईगल आय’सारखं निरुपयोगी कौशल्य मुद्दाम घातलं नसतं. ते गाळता आलं असतं. ठेवलं, कारण कधीतरी कुणीतरी धाडस करील.

ते तुम्ही करा. पुढच्या वेळी यादीतला सगळ्यात वाईट नायक घ्या, तीन भेटींमधलं सोनं सोडून दुसरं काहीतरी उचला, पूल सोडून डोंगराच्या वाटेनं जा आणि काहीही झालं तरी ‘लोड’ला हात लावू नका. हरलात तर काही तुटत नाही. नव्यानं डाव मांडायला पैसे पडत नाहीत, आणि वेस्नॉथ तर मुळातच फुकट आहे.